दैवशालाबाईंनी मराठीत आणलेला परवाना

झरीच्या दैवशालाबाई वाचल्याशिवाय कशालाच 'हो' म्हणत नाहीत, हे रामप्रसादांना लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. एसटीच्या तिकिटामागची बारीक अक्षरं, खताच्या पोत्यावरचा इशारा, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची फौज, सगळं त्या शेवटपर्यंत वाचणार. त्यामुळं कॅनॉलच्या पाण्याची पाळी सांगणारं ॲप मोबाइलवर घ्यायची वेळ आली, तेव्हा गावानं ते चहा पिता पिता घेतलं आणि रामप्रसादांचा मोबाइल मात्र दोन दिवस चार्जरला लटकून राहिला.

कारण ॲप उघडलं की आधी इंग्रजीतला लांबलचक मजकूर यायचा आणि त्याच्या तळाशी एक बटण असायचं. ते दाबलं म्हणजे वरचं सगळं आपल्याला मान्य.

"आगं, दाब की एकदाचं," रामप्रसाद म्हणाले. "समद्या गावानं दाबलंय."

"समद्या गावानं वाचलंय का?"

"ते वाचायचं आसतं व्हय?"

"मग ल्हिवलं कामून?"

रामप्रसाद बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

वाचायची ही खोड दैवशालाबाईंना लहानपणीच लागली होती. त्यांचं माहेर राणीसावरगावचं. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. निघण्याआधी मुकादम एक कागद आणायचा आणि वडील त्यावर अंगठा उठवायचे. तिसरीत असलेल्या दैवशालानं एकदा विचारलं, "दादा, कागदावर काय ल्हिवलंय?" वडील म्हणाले, "मला काय ठावं? त्यो म्हनला लाव, मी लावला." वडिलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरीला मात्र ते असं काही लागलं, की त्या दिवसापासून हाती येईल ते वाचायची सवय जडली. हंगामी वसतिगृहात राहून ती शिकली, इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि परभणीला रजिस्ट्री कचेरीसमोर बसणाऱ्या माणिकराव दस्तलेखकांकडं टायपिंगला लागली. लग्न होऊन झरीला आल्यावरही बरीच वर्षं त्या एसटीनं जाऊन-येऊन ते काम करत होत्या. पुढं लेक झाली, जाणं सुटलं, आणि घरबसल्या भाषांतराची कामं सुरू झाली. बियाण्याच्या पिशवीवर मराठीत काय छापायचं, फवारणीपंपाच्या पुस्तिकेत काय लिहायचं, अशी ती कामं.

तर अशा बाईंनी शब्दकोश पुढ्यात घेऊन तो इंग्रजी मजकूर वाचून काढला, आणि त्यांना नवलच वाटलं. तो एक परवाना होता. हे ॲप निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी हौसेनं मिळून केलेलं होतं आणि परवान्यात ते सांगत होते की, हे कुणीही वापरा, आतून कसं बनवलंय ते उघडून बघा, हवं तसं बदला, दुसऱ्याला द्या. अट एवढीच, की देताना मूळ करणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत आणि आपल्याला जी मुभा मिळाली ती पुढच्यालाही द्यायची. ॲपचा मूळ कोड कुलपात ठेवायचा नाही.

आयुष्यभर त्यांनी पाहिलेले कागद माणसाला बांधून घालायला लिहिलेले असायचे. हा एक कागद उलटा होता. आणि गावात तो एकालाही वाचता येत नव्हता.

ॲप दाखवायला गावात आलेल्या मंडळींत अर्पिता नावाची मुलगी होती. मूळची सेलूची, आता पुण्यात संगणकाची नोकरी करायची आणि सुट्टीत हे काम बघायची. दैवशालाबाईंनी तिला निरोप धाडला: 'गावानं जे मान्य केलं आहे ते गावाला वाचता येत नाही. हे बरोबर नाही.'

तासाभरात फोन आला.

"ताई, बरोबर नाहीच," अर्पिता म्हणाली. "पण मराठीत करायला कुणी तयारच होत नाही. कायद्याचा मजकूर म्हटला की सगळे पळतात. तुम्ही कराल?"

दैवशालाबाई हो म्हणाल्या. अर्थात, परवाना आधीच वाचून झाला होता.

पहिला खर्डा त्यांनी चार दुपारींत उतरवला. माणिकरावांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेली, त्यामुळं परवाना हुबेहूब खरेदीखतासारखा झाला. 'कारणे लिहून देतो की' अशी सुरुवात, मध्ये 'सदरहू', 'मजकूर' आणि 'बिनतक्रार' यांची रेलचेल. अर्पितानं तो वाचला आणि फोनवर बराच वेळ नुसती हसत राहिली. मग म्हणाली, "ताई, जमिनीची चतुःसीमा तेवढी राहिली."

दुसऱ्या खर्ड्यात त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. सरकारी परिपत्रकाची भाषा धरली. ती इतकी जड झाली, की रामप्रसादांना वाचून दाखवताना मधेच त्यांना स्वतःलाच दम लागला. इंग्रजीत लिहिलं होतं, की हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्या, बिघडलं तर आमची हमी नाही. दैवशालाबाईंनी लिहिलं, 'सॉफ्टवेअर जैसे थे स्थितीत'. रामप्रसाद दचकून उठून बसले.

"जैसे थे? कॅनॉलवर स्टे आलाय का काय?"

गावात जैसे थे म्हटलं की कोर्टाचा हुकूम, एवढंच लोकांना माहीत होतं. निम्म्या बांधांवर तो कधी ना कधी येऊन गेलेला. शब्द खोडला गेला.

मग त्या मोठाले पेरू पिशवीत घालून माणिकरावांकडं गेल्या. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून सगळा परवाना लक्ष देऊन ऐकला.

"म्हणजे देणारा पैसे मागत नाही," ते बोटांवर मोजत म्हणाले, "आणि पुढं काही झालं तर जबाबदारीही घेत नाही. मी आजवर हजारो दस्त लिहिले. प्रत्येकात देणारा म्हणतो, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. हा म्हणतो, तोशीस लागली तर तुमची तुम्ही बघा."

"मग वंगाळ झाला का काका दस्त?"

"वंगाळ कशाला? इमानदार आहे. बैलबाजारात हेच बोलतात की. बैल पुढ्यात उभा आहे, दात बघ, चालवून बघ, नेलास की तुझा. तसं सरळ लिही. लिहिताना समोर रामप्रसाद बसलेत असं धर आणि मला विसर."

तिसरा खर्डा तसा झाला. 'हे जसं आहे तसं दिलं आहे. नीट चालेलच, असा शब्द आम्ही देत नाही. चालवून बघा आणि मग वापरा.' रामप्रसाद ऐकता ऐकता झोपले नाहीत, ही मोठी पावती होती.

एकच शब्द अडला, आणि तो नेमका सगळ्यात वर होता. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाचे दोन अर्थ: पैसे न पडणारं, आणि बंधन नसलेलं. अर्पिताचं म्हणणं, 'मुक्त' लिहा. दैवशालाबाईंना ते पटेना.

"मुक्त म्हनलं की आमच्याकडं काय डोळ्यापुढं येतं माहितीय? गावाच्या वेशीवर पाटी हाय, तंटामुक्त गाव. मुक्त म्हंजे ते नसलेलं. लोक म्हनतील, सॉफ्टवेअरमुक्त गाव करायलेत."

"पण ताई, 'मोफत'मध्ये फक्त पैशाचं येतं."

"मोफत समद्याला कळतं. कळंल ते लिवावं."

अर्पितानं दोनदा समजावलं आणि मग बाईंच्या जिद्दीपुढं हात टेकले. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, 'हे सॉफ्टवेअर मोफत आहे' असं गेलं. मूळ परवान्यात पुढं एक वाक्य होतं, की आम्ही हा शब्द वापरतो तो किमतीबद्दल नव्हे. 'मोफत' घातल्यावर ते वाक्य चालता चालता ठेचकाळायला लागलं. मोफत म्हणजे किमतीचं मोफत नव्हे, असं काहीतरी ते झालं. दैवशालाबाईंना ते खटकलं. पण काम संपत आलं होतं, आणि ते वाक्य तसंच गेलं.

ॲपमधली बटणं आणि निरोपही त्यांनीच मराठीत आणले. त्यात 'तुमची पाळी आली' असा निरोप अर्पितानं भोळेपणानं आधीच घालून ठेवला होता. गावातल्या बाप्यांच्या मोबाइलवर तो गेला असता तर काय झालं असतं, या विचारानं दोघी फोनवर पोट धरून हसल्या. 'तुमच्या पाण्याची पाळी आली, दार उघडा' असं मग ठरलं.

शेवटी परवान्याच्या माथ्यावर एक ओळ घालावी लागली. मूळ परवाना लिहिणाऱ्या संस्थेची तशी अट होती: हे भाषांतर समजण्यासाठी आहे, अधिकृत नाही, कायद्यानं इंग्रजी मजकूरच धरला जाईल. दैवशालाबाई जरा हिरमुसल्या. माणिकराव फोनवर म्हणाले, "असल ती असल, नक्कल ती नक्कल. पण लोक वाचतात ती नक्कलच. तू कशाला मन खट्टू करतेस?"

दोन वर्षं गेली. गावच्या पाणीवापर संस्थेनं मायनरवरच्या, म्हणजे कॅनॉलच्या लहान फाट्यावरच्या, सगळ्या शेतकऱ्यांसाठी संगणक घेतला आणि पाळ्यांचं काम महारुद्रकडं दिलं. महारुद्रचं बसस्टँडजवळ संगणकाचं दुकान होतं. मोबाइल दुरुस्तीपासून सातबाऱ्याच्या प्रिंटपर्यंत तो सगळं करायचा. त्याची सोय झकास होती. ज्याला वाचता येत नाही त्याला सरळ फोन यायचा आणि त्यातून बाईमाणसाच्या आवाजात, अगदी इथल्या बोलीत, निरोप ऐकू यायचा: "तुमच्या पान्याची पाळी आली बगा, दार उघडा." निरोपाच्या शेवटी 'महारुद्र पाणीसेवा' असं नाव यायचं. गाव म्हणायचं, पोरानं डोकं लावून केलंय.

दैवशालाबाईंनी आपलं वाक्य पहिल्याच फोनला ओळखलं. ॲप तेच होतं, फक्त मूळ नाव पुसलेलं. कधीतरी विचारू, असं त्या मनाशी म्हणाल्या. पण महारुद्र त्यांना वहिनी म्हणायचा, दिवाळीला लेकीसाठी फटाके आणून द्यायचा. विचारायचं राहून गेलं.

मग यंदाच्या रब्बीत घोळ झाला. कॅनॉलला पाणी सुटलं आणि त्याच आठवड्यात महारुद्र मोटारसायकलवरून घसरला. पाय मोडला. परभणीच्या दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं आणि मोबाइलचा तर चुराच झाला होता. इकडं संस्थेच्या संगणकावर एक चौकट येऊन बसली: नव्या हंगामासाठी पासवर्ड टाका. पासवर्ड एकट्या महारुद्रला ठाऊक. फोन जायचे थांबले. मायनरच्या वरच्या अंगाच्या लोकांनी आपली पाळी झाल्यावरही पाटाची दारं उघडीच ठेवली, आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेल्या रामप्रसादांच्या हरभऱ्यापर्यंत ओल काही पोचली नाही.

संस्थेचे अध्यक्ष बन्सीधर सकाळीच दारात आले. शांत माणूस, पण आज त्यांच्या कपाळाला आठी होती.

"बाई, रामप्रसाद म्हनले, महारुद्रचं सॉफ्टवेअर म्हंजे आपलं जुनंच ॲप हाय आन त्याचा कायदा तुमीच मराठीत केलाय. त्यात कुलूप घालनाऱ्याला काय शिक्षा हाय, ते बगून सांगा."

दैवशालाबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि परवाना उघडला. कुलूप घालू नये असं त्यात स्पष्ट होतं. मूळ कोड मागेल त्याला द्यावा असंही होतं. बन्सीधरांचा चेहरा खुलला.

"झालं तर मग. ह्येच घेऊन तालुक्याला जातो."

"थांबा भाऊ. ह्ये बी वाचा." त्यांनी माथ्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्या मराठीला कोर्टात काई वजन न्हाई. आन महारुद्र दवाखान्यात पडलाय. आधी त्याला भेटून येते मी."

तोवर पाळ्यांची सोय म्हणून रामप्रसादांनी गावातल्या दोघा-तिघांना बरोबर घेतलं आणि पूर्वीसारखं बांधावरून हाका मारत दारं बंद करायला सुरुवात केली. वरच्या अंगाचे लोक कुरकुरले, पण हाक ऐकून मोबाइल बंद होता असं म्हणता येत नव्हतं.

दारं लावून झाल्यावर दुपारी रामप्रसादही बाईंबरोबर परभणीला आले आणि दवाखान्याबाहेर थांबले. आत महारुद्र पाय वर टांगून पडला होता. दैवशालाबाईंना बघून त्यानं आधी चादर सारखी केली आणि मग नजर खाली घातली.

"वहिनी, पासवर्डचं ना? मोबाइलच न्हाई तर कुनाला सांगू? घ्या लिहून." त्यानं पासवर्ड सांगितला. बाईंनी तो तिथूनच बन्सीधरांना कळवला. मग स्टूल ओढून बसल्या.

"महारुद्र, कुलूप कामून घातलं? आन त्या लोकांची नावं कामून पुसली?"

महारुद्र म्हणाला, "वहिनी, तुमीच ल्हिवलंय की."

"मी?"

"पयल्या पानावर. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मी ते वाचलं आन घाबरलो. मोफत हाय म्हंजे मी पैशे घेतले तर चोरी. पन माझे तीन म्हयने त्यात गेलेत. फोनवरून बोलायची सोय मी केलीया, बायकोचा आवाज भरलाय. फुकट कसं देऊ? म्हनून नाव पुसलं. कुनाला कळू नये म्हनून कुलूप घातलं."

दैवशालाबाईंना अर्पिता आठवली. सेलूच्या त्या पोरीनं दोनदा सांगितलं होतं. बियाण्याच्या पिशवीवर चुकीचं औषध छापलं गेलं असतं तर जसं वाटलं असतं, तसं त्यांना वाटलं.

"खालचं वाचलं न्हाईस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"किती लांबलचक हाय ते. पयलं पान वाचलं."

त्यांनी मोबाइल काढला आणि चौथा परिच्छेद वाचून दाखवला. प्रती देण्याबद्दल, बसवून देण्याबद्दल, दुरुस्तीबद्दल हवे तेवढे पैसे घ्यायला परवान्यात पूर्ण परवानगी होती. फक्त मूळ कोड आणि मूळ नावं सोबत द्यायची.

महारुद्र कोपरावर रेलून उठू लागला. नर्सनं डोळे वटारले तसा परत आडवा झाला.

"पैशे घेता येतात?"

"येतात."

"राजरोस?"

"राजरोस. पावती देऊन."

"आन हे खाली कुठं ल्हिवलं वहिनी? हे वर ल्हिवायचं."

"हो रे बाबा," दैवशालाबाई म्हणाल्या. "माझी चूक हाय. शब्दच चुकला."

परतीच्या एसटीत रामप्रसाद शेजारी डुलक्या घेत होते आणि बाई त्या एका शब्दामागं लागल्या होत्या. मुक्त नको, मोफत नको, खुलं म्हणावं तर दार उघडं पडल्यासारखं.

"मोकळं म्हनलं तर?" त्यांनी नवऱ्याला ढोसलं.

"मोकळं म्हंजे रिकामं. मोकळी घागर." रामप्रसादांनी डोळेही उघडले नाहीत. "सॉफ्टवेअर रिकामं हाय का?"

झरीचा फाटा येईपर्यंत त्या शब्द जुळवत राहिल्या. उतरता उतरता मात्र सापडलं. सॉफ्टवेअरला विशेषण कशाला जोडायचं? माणसाला काय मिळतं ते लिहायचं. त्या संध्याकाळी पहिलं पान नवं झालं: 'या सॉफ्टवेअरबरोबर तुम्हाला मोकळीक मिळते. वापरायची, उघडून बघायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची. देताना पैसे घ्यावेत की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मात्र ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या.' ठेचकाळणारं वाक्यही आता तालात आलं: इथं बोलणं किमतीचं नसून मोकळिकीचं आहे.

त्यांनी अर्पिताला फोन केला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "तू म्हनत होतीस, मी ऐकलं न्हाई."

"ताई, 'मोकळीक' मला तरी कुठं सुचला होता?" अर्पिता म्हणाली. तिनं दुसऱ्या भाषांतल्या भाषांतरकारांच्या गटात हा किस्सा टाकला. उत्तरांची रांग लागली. निम्म्या भाषांत हेच भांडण झालेलं होतं. एका स्पॅनिश बाईनं लिहिलं, की आमच्याकडं या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत, आम्ही सुदैवी. दैवशालाबाईंनी ते रामप्रसादांना वाचून दाखवलं.

महारुद्रनं कुबड्या घेऊन घरी आल्यावर पहिलं काम केलं ते कुलूप काढण्याचं. मूळ नावं परत आली, त्याखाली त्याचंही आलं. फोनवरून निरोप द्यायची त्याची सोय अर्पिताच्या मंडळींनी मूळ ॲपमध्ये घेतली. आता कुठल्याही देशात कुणाला ती वापरता येणार होती. बायकोचा आवाज तिकडं कुणाला समजणार नाही, एवढीच त्याला रुखरुख लागली. अर्पितानं त्याला समजावलं की ते लोक आपापल्या बायकोचा भरतील.

संक्रांतीच्या आधी पाणीवापर संस्थेची सभा झाली. बन्सीधरांनी विषय काढला की आपण काय वापरतो ते सगळ्यांना कळलं पाहिजे. दैवशालाबाईंनी उभं राहून परवाना पहिल्या ओळीपासून वाचला, माथ्यावरच्या त्या ओळीसकट. लोक ऐकत होते. हमीच्या परिच्छेदाला मागून कुणीतरी "बैलबाजार" म्हणालं आणि हशा पिकला.

वाचून झाल्यावर नागनाथ नावाचे एक म्हातारे शेतकरी उठले. टेलला त्यांची दोन एकर होती.

"म्हंजे बाई, मी बी त्यात बदल करू शकतो?"

"करू शकता की मामा."

"पन मला त्यातलं काईच येत न्हाई."

"नसंल येत. मोकळीक हाय."

नागनाथांनी जरा विचार केला. मग महारुद्रकडं वळून म्हणाले, "मग माझा फोन जरा जोरात वाजंल आसं कर. मला ऐकू येत न्हाई."

महारुद्रनं कुबडी भिंतीला टेकवली आणि ते टिपून घेतलं. तेवढ्यात चहा आला.